तीनदा म्हणायचा शब्द

कासाब्लांका, ९ फेब्रुवारी

मामा,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची खुशाली विचारायची आपली रीत. ती आज मी पाळत नाही, कारण तुमची खुशाली मला आईकडून रोज कळते. साखर वाढली आहे, झोप लागत नाही, आणि दिवसातून एकदा तरी "त्या मुलीने माझ्या तोंडाला काळं फासलं" हे होतंच. ती मुलगी मी. फोन तुम्ही उचलत नाही, निरोप कानाआड करता, म्हणून शाळेतल्यासारखी कागद घेऊन बसले आहे. शुक्रवारी आई तुमच्याकडे अझम्मूरला कुसकुस घेऊन येईल, तेव्हा टोपलीत रुमालाखाली हे पाकीट असेल. फाडायचं तर खुशाल फाडा, पण कुसकुस संपवल्यावर. हल्ली तिची मनगटं दुखतात, तरी तुमच्यासाठी दाणा हातानेच वळते.

एक आधीच सांगते. मी माफी मागायला लिहीत नाही. आईने तुम्हाला तसं सांगितलं असेल तर ते तिच्या मनातलं झालं.

कंपनीने मला 'विश्रांती' दिली आहे. चौकशी संपेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. तुम्हालाही दिली आहे म्हणा. पण तुमच्या विश्रांतीला लोक "कॅप्टनसाहेबांना धक्का बसला" म्हणतात, आणि माझ्या विश्रांतीला "बघू या पोरीचं काय करायचं ते." कॉकपिट एक, धूर एक, खुर्च्या तेवढ्या दोन.

अम्मानला तुम्ही विमान कसं उतरवलंत ते मी माझ्या अहवालात लिहिलं आहे. कॉकपिटात धूर, समोरच्या काचेतून धावपट्टी दिसते न दिसते, आणि तरी चाकं अशी टेकली की आईच्या मांडीवर झोपलेलं पोरही जागं झालं नसतं. असं उतरवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, हे अगदी याच शब्दांत लिहिलं. तो पहिला परिच्छेद. तुमचा राग दुसऱ्या परिच्छेदावर आहे.

दुसरा परिच्छेद मी बदलणार नाही.

तुमची भाची,
बतूल


१६ फेब्रुवारी

मामा,

पाकीट तुम्ही फाडलं नाहीत, वाचून चहाच्या तबकाखाली सरकवलंत, हे कळलं. आणि मग आईला म्हणालात, "मी रेडिओवर स्पष्ट सांगितलं होतं. त्या अम्मानच्या गाढवाला कळलं नाही, त्याला मी काय करू?"

चला, मग त्या गाढवाबद्दल बोलू.

आपल्या घरात आग कधी लागलीच नाही, मामा. चुलीत आफिया, शेगडीत आफिया, हम्मामच्या भट्टीत आफिया. समोरच्या सुताराचं छप्पर पेटलं तेव्हा तुमचीच बहीण गच्चीवरून ऊर फुटेस्तोवर ओरडत होती, "धावा, आफिया! आफिया!" आगीचं खरं नाव घ्यायचं नाही, ते नरकाचं नाव आहे, घेतलं तर ती ऐकते आणि दारात येते. म्हणून तिला खुशालीचं नाव द्यायचं. आंधळ्याला आपण डोळस म्हणतो त्यातलाच प्रकार. साऱ्या मोरोक्कोत यात कुणाला वावगं वाटत नाही. पण पूर्वेकडच्या अरबाला आफिया म्हणजे खुशाली, दुसरं काही नाही. त्याला आपली बोली अर्धीच कळते, आणि ही अर्धी तर उलटीच कळते.

त्या दिवशी विमान तुम्ही चालवत होतात, म्हणजे रेडिओवर बोलण्याचं काम माझं होतं. पण समोरून अरबी ऐकलं की तुम्हाला राहवत नाही. त्या नियंत्रकाशी तुमची केव्हाच गट्टी जमली होती. त्याच्याकडचं मटण बरं की आपलं, इथपर्यंत गाडी गेली होती. विमान उतरणीला लागलं आणि नझहाने मागून फोन केला. ती सगळ्या हवाई सुंदऱ्यांची मुख्य, वीस वर्षांची जुनी, उगाच घाबरणारी नव्हे.

"कॅप्टन, मागच्या स्वयंपाकघरात भिंतीच्या आतून धूर येतोय."

"ओव्हनमध्ये कुणी लोणी सांडलं असेल. बटण बंद कर."

"बटण मघाशीच बंद केलंय. धूर भिंतीतून येतोय म्हणतेय मी."

मास्क आपण दोघांनी चढवले. आगीची चेकलिस्ट मी काढली. आणि मी इंग्रजीत तोंड उघडायच्या आत तुम्ही आपल्या बोलीत म्हणालात, "भाऊ, आमच्याकडे मागे थोडी आफिया आहे. जरा लवकर घे आम्हाला."

तो काय म्हणाला ते टेपवर आहे. "अल्लाह तुम्हाला आणखी देवो, कॅप्टन! तुम्ही तिसरे आहात, वेग कमी ठेवा."

बंब मागितले, दुआ मिळाली.

चूक त्याची नाही. कुणी मला म्हणालं की आमच्याकडे खुशाली आहे, तर मीही आणखी खुशाली चिंतेन. आणि मामा, तुम्हाला कळलं होतं. मास्कच्या काचेमागे तुमचे डोळे मी पाहिले. त्याला समजलेलं नाही हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. तो शब्द म्हणायचा तो तिथे. मेडे, मेडे, मेडे. तीनदा, म्हणजे गप्पांच्या ओघात निसटत नाही आणि जगातल्या कुठल्याही माणसाला त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. मग आपण कोण, कुठे आहोत, काय झालंय, काय करणार आहोत, विमानात जीव किती. संपलं. मला हे कुणी शिकवलं? "आधी उडव, मग वळव, मग बोल." सलेच्या पुलावर गाड्यांची रांग लागली की तुम्ही हे माझ्याकडून घोकून घेत होतात आणि मी खिडकीतून नदीकडे बघत घोकत होते. त्या दिवशी तुम्ही उडवलंत, वळवलंत. बोलायच्या वेळी मात्र तुम्हाला घरची रीत आठवली.

मधलं थोडं मी इथे लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे.

मग तो शब्द मी म्हणाले. तीनदा. पुढचं सगळं एका दमात सांगितलं आणि संकटाचा आकडा लावला, म्हणजे त्याच्या पडद्यावर इतर विमानांतून आपलं वेगळं उठून दिसावं. तोच माणूस, तोच आवाज, पण त्यातला गोडवा क्षणात उतरला. पुढची दोन्ही विमानं बाजूला काढली, धावपट्टी मोकळी झाली, बंब आपल्या आधी तिथे उभे. नझहाचा उजवा हात भाजला. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घसरगुंडीवरून उतरताना नडगीचं हाड मोडलं. बाकी सगळे धड बाहेर आले. बाहेर आल्यावर मागच्या खिडक्यांचं काय झालं ते तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून पाहिलंत.

तिथे गवतात तुम्ही मला काय म्हणालात? "बरं झालं" नाही. "लागलं का कुठे" नाही. "संपवलंस तू मला," म्हणालात.

बतूल


२७ फेब्रुवारी

मामा,

काल आपल्या हाज बूझियानसाहेबांची स्वारी घरी आली होती. कंपनीचे उड्डाणप्रमुख, स्वतः, जिने चढून. आणि हातात काय? निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका! आईने दार उघडलं, साखर पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. बिचारीला वाटलं, माझ्यासाठी स्थळ घेऊन आले.

चहा तीन पेले झाला. बदाम-वेलदोड्याची बिस्किटं झाली. मग साहेब मुद्द्यावर आले.

"बतूलबाई, तू हुशार मुलगी. पुढच्या वर्षी डाव्या खुर्चीत बसायची तू. कॅप्टन व्हायची."

"तुमच्या तोंडात ही साखर पडो."

"तुझ्या मामांची छत्तीस वर्षं झाली. एका वर्षी नाही की एका दिवशी नाही, त्यांच्या तोंडून तो शब्द गेला नाही."

"हो ना. गरज होती त्या दिवशीही गेला नाही."

आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. साहेब हसले. त्यांना हसता येतं, ते मात्र खरं. "मी काही ध चा मा कर म्हणत नाही. तू मेडे म्हणालीस, ते टेपवर आहे, ते सोन्यासारखं आहे. तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात 'मेडे मी म्हणाले' एवढंच आहे. त्याच्या आधी फक्त घाल, 'कॅप्टनच्या आज्ञेवरून.' ते विमान सांभाळत होते, तुला म्हणाले, बोल, तू बोललीस. यात खोटं असं काय आहे? तेच तर होतं ना नेहमी?"

"नेहमी होतं. त्या दिवशी झालं नाही."

"कोण सांगणार?" साहेब म्हणाले. आणि मामा, ही त्यांची खरी गोष्ट होती. मागच्या तारा जळाल्या तेव्हा कॉकपिटातलं ध्वनिमुद्रण तिथल्या तिथे थांबलं. अम्मानकडे आहे ते फक्त रेडिओवरचं. त्यात तुमची आफिया आहे, त्याची दुआ आहे, मग शांतता आहे आणि मग माझा आवाज आहे. त्या शांततेत आपल्या दोघांत काय झालं, ते जगात दोनच माणसांना ठाऊक. तुम्ही म्हणालात की आज्ञा दिली, आणि मी मान हलवली, तर तसंच झालं असं ठरेल.

"मामांचं निवृत्तीचं उड्डाण मे महिन्यात," साहेब उठताना म्हणाले. "मानवंदना म्हणून विमानावर दोन्ही बाजूंनी बंबांच्या पाण्याच्या कमानी सोडायच्यात. तुझ्या हातात आहे सगळं."

"साहेब," मी म्हणाले, "पाणी फेब्रुवारीत लागत होतं."

ते गेल्यावर आई तडक स्वयंपाकघरात गेली. मग ताजीनचं भांडं समोर आपटून म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बतूल. भाऊ माझा आहे. मुलगीही माझीच. मी कुणाला चावू?"

तिच्याकडे बघून मला रडू आलं, हे लिहायला मला लाज नाही. पण रडून झाल्यावरही दुसरा परिच्छेद तसाच राहिला. साखरेचा सुळका आईने कपाटावर ठेवला आहे. तुम्हाला साखर चालत नाही, नाहीतर पाठवला असता.

बतूल


६ मार्च

मामा,

अखेर तुमचा निरोप आला. आईने तो पाठ करून आणला, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"तिला सांग, मी गप्प बस म्हणालो ते मामा म्हणून म्हणालो, कॅप्टन म्हणून नाही. पोर घाबरू नये म्हणून."

वा! म्हणजे मी लिहायचं टाळत होते ते तुम्ही स्वतःच आईच्या टोपलीत घालून पाठवलंत. छान झालं, आता मी कशाला झाकू?

हो, तुम्ही म्हणालात, "गप्प बस. शब्द नको. मी उतरवतोय." हात वर केलात, जेवताना मुलांनी गडबड केली की करता तसा. आणि मी गप्प बसले. नझहाने पुन्हा फोन केला, "जमीन तापली आहे, लोकांना पुढे सरकवतेय," आणि मी तुमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील. छत्तीस वर्षांचा माणूस आहे, त्याला कळत नसेल का. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझी भीड त्या वेळी मागच्या सगळ्या लोकांच्या जिवाची भीक मागत बसली होती.

आणि मला सांगा, मामा, कॉकपिटात मामा कुठून आला? तिथे मामाला खुर्ची नाही. आत येताना टोपीबरोबर त्यालाही बाहेर खुंटीला टांगायचं असतं. तुम्ही टांगला नाहीत. मीही भाचीला टांगलं नाही, काही वेळ. मग टांगलं.

पोर घाबरू नये म्हणून! ही पोर ज्याला घाबरत होती तो धूर नव्हता. ती तुम्हाला घाबरत होती.

चौकशी वीस तारखेला रबातला आहे. तुम्ही तुमचं बोला. मी माझं बोलेन.

बतूल


२१ मार्च

मामा,

तुम्ही काल तिथेच होतात, मग मी तुम्हाला हे कशाला लिहिते आहे? कारण तुम्ही उठून गेलात. तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्ही असताना काय झालं तेही तुम्ही आईला भलतंच सांगितलंत.

टेबलापलीकडे तीन माणसं. अध्यक्ष त्या राजिया अमूरबाई, पांढरे केस मागे बांधलेले, बोलताना चष्मा हातात. त्यांनी अम्मानची टेप लावली. "मागे थोडी आफिया आहे" हे तुमच्या आवाजात खोलीभर वाजलं, आणि त्यावर ती दुआ. कोपऱ्यातला टंकलेखक फिसकन हसला आणि लगेच गोरामोरा झाला. तुम्ही सरळ बसला होतात, गणवेशाला इस्त्री, चार पट्ट्या चकचकीत. मला तुमचा अभिमान वाटला. असा राग आला मला त्या अभिमानाचा!

बाईंनी विचारलं, "नियंत्रकाचा गैरसमज झाला हे कळल्यावर तुम्ही काय केलंत, कॅप्टन?"

आणि तुम्ही, माझे मामा, ज्यांनी मला सायकल शिकवली आणि विमानही शिकवलं, शांतपणे म्हणालात, "मी ताबडतोब सहवैमानिकाला मेडे जाहीर करायची आज्ञा दिली. तिने ती चोख पाळली. या मुलीला मीच तयार केलं आहे."

किती सुरेख बोललात! खोटं इतकं सुरेख असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यात तुम्ही वाचत होतात, मी वाचत होते, कंपनी वाचत होती. वर माझं कौतुकही होतं. हाज बूझियानसाहेबांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. अमूरबाई पेनाला टोपण लावायला लागल्या आणि सहज, रीत म्हणून, माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही भर घालायची आहे?"

"आहे," मी म्हणाले. "कॅप्टन बुहलाल यांनी आज्ञा दिली नाही. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी काही वेळ गप्प बसले. मग मी माझ्या मनाने बोलले."

टोपण हातातच राहिलं. "काही वेळ का?"

"ते माझे मामा आहेत."

"आणि नसते तर?"

"तर आधी बोलले असते."

तुम्ही उठलात. टोपी घातलीत आणि खोलीतल्या सगळ्यांना सांगितलंत, "चला, जेवायची वेळ झाली." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मामा! मी त्या क्षणीही मनात हसले, खरं सांगते. दार लावून तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यावर बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, "बाळ, हे मी लिहून घेतलं तर ठपका तुमच्यावरही येईल. शब्द माहीत असून थांबलात, असा. नीट विचार करून सांगा."

"लिहा," मी म्हणाले. "आणि त्यांनी विमान कसं उतरवलं तेही लिहा. पहिला परिच्छेद गाळू नका."

बाहेर जिन्यावर आई उभी होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. रबातच्या त्या थंड संगमरवरी जिन्यावर, वकील आणि शिपायांसमोर, ती म्हणाली, "झडो तुझी जीभ! दोघंही वाचत होतात गं. दोघंही!"

"आई, त्या दिवशी सगळेच वाचले. म्हणून तर आता नोकऱ्या वाचवायची हौस सुचते."

तिने माझ्या थोबाडीत मारली. मग तिथेच पायरीवर बसली आणि माझा हात धरून ठेवला. घरी येईपर्यंत सोडला नाही. तुम्हाला तिने यातलं फक्त थोबाडीतलं सांगितलं असणार.

बतूल


१९ एप्रिल

मामा,

निकाल तुमच्याकडेही पोचला असेल. तुमचं निवृत्तीचं उड्डाण रद्द, पाण्याच्या कमानी रद्द. मला ठपका आणि वर कंपनीचं पत्र, की करार पुढे चालू ठेवण्याची गरज वाटत नाही. त्यावर सही हाज बूझियानसाहेबांची. या वेळी साखर नव्हती.

माझी काळजी करू नका, करत असाल तर. अगादीरच्या एका मालवाहू कंपनीत मला घेतलं आहे. जुनं विमान, पंखे फिरतात ते. पगार कमी. मागे टमाटे असतात आणि ते तक्रार करत नाहीत. तिथल्या कॅप्टनने पहिल्याच दिवशी विचारलं, "तूच ना ती, मामाला बुडवणारी?" मी म्हटलं, "हो, आणि तुम्ही तर माझे कुणी नाही, तेव्हा विचार करा." तो इतका हसला की चहा सांडला. आमचं जमेल.

नझहाचा हात बरा होतो आहे. बोटं पूर्ण वळत नाहीत अजून. ती तुमची चौकशी करत होती. "कॅप्टनसाहेब मला भेटायला का येत नाहीत?" म्हणाली. मी काय सांगणार? ते तुम्हीच तिला जाऊन सांगा.

आता तुमचा प्रश्न. काल आईने आणला. त्यात राग नव्हता म्हणाली, तुम्ही खिडकीतून नदीच्या मुखाकडे बघत होतात आणि खरंच कळत नसल्यासारखं विचारलंत, "तिला विचार, माझ्या खोट्याने तिचं काय बिघडत होतं?"

इतके दिवस तुम्ही मला नुसता शाप देत होतात. हा पहिला प्रश्न, म्हणून नीट उत्तर देते.

माझं काही बिघडत नव्हतं. तुमचंही नाही. मी पुढच्या वर्षी कॅप्टन झाले असते. मे महिन्यात तुमच्या विमानावर पाणी पडलं असतं, आईने खालून झग्रूताच्या किलकाऱ्या मारमारून घसा बसवून घेतला असता आणि मी टाळ्या वाजवल्या असत्या. आपल्या दोघांत काय झालं ते आपण दोघं शुक्रवारी कुसकुसच्या परातीभोवती बसून विसरलो असतो. तुम्ही माझ्यावर रागावला आहात, त्याहून जास्त मला तुमची आठवण येते. हे तुम्हाला खोटं वाटेल, वाटू दे.

पण हे अहवाल कुठे जातात ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. ते नव्या पोरांना वाचायला देतात. कुणीतरी मेल्याशिवाय शिकता यावं म्हणून. पुढे कधीतरी एका विमानात डाव्या खुर्चीत तुमच्यासारखाच कुणी थोर माणूस बसलेला असेल, ज्याच्या तोंडून तो शब्द कधी गेला नाही. उजव्या खुर्चीत कुणाची तरी मुलगी असेल. तिने आपला अहवाल वाचलेला असेल, मी मान हलवली असती तर लिहिला गेला असता तो. मागून धूर येईल. कॅप्टन हात वर करून म्हणेल, गप्प बस. ती त्याच्याकडे बघेल, आणि तिला आठवेल की अम्मानला धूर झाला तेव्हा कॅप्टनने ताबडतोब आज्ञा दिली होती.

मग ती थांबेल, मामा. आता तो म्हणेल म्हणून.

तुमची भाची,
बतूल